बेणं

परवा कळसच्या वाटेवर ताज्या तोडलेल्या उसाचा गोड, ओला वास गाडीत शिरला आणि मला चुलतीचा कोयता आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वाढवत होते. बशी भरली की त्यातल्या थोड्या पेशी नव्या बशीत घालायच्या, असं दोन वर्षं चाललं होतं. सुट्टीत घरी आले, तर चुलती बांधावर बसून लागणीच्या बेण्यासाठी उसाची टिपरी, म्हणजे डोळे असलेले तुकडे, तोडत होती. मी मिरवलं, “काकी, आधी बशी भरायला आठवडा लागायचा, आता चार दिवसांत भरते!” तिनं हातातलं टिपरं उलटंसुलटं पाहून बाजूला टाकलं. “मूळ बेण्यापासनं कितव्यांदा लावलंस?” मी बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच चुकले. “आमी तीन सालांनी बेणं बदलतो, पोरी. ऊस दिसतो तसाच, पर त्यो त्योच ऱ्हात न्हाय.” मी हसून विषय बदलला, पण पुण्याला परतल्यावर पेशींची गुणसूत्रं तपासून घेतली. सुरुवातीला प्रत्येक पेशीत शेहेचाळीस होती; आता सत्तेचाळीस निघाली. ते जास्तीचं एकच त्यांना भराभर वाढवत होतं. त्या बदललेल्या पेशींवरची वर्षभराची निरीक्षणं मी स्वतःच्या हातानं रद्द केली आणि अगदी पहिल्या दिवशी गोठवून ठेवलेल्या पेशींच्या नळीपासून पुन्हा सुरुवात केली. आज माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. पेशी गोठवून ठेवायच्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत सगळ्यात खाली पहिल्या दिवसाच्या पेशींचा डबा असतो. त्यावर मी मराठीत ‘बेणं’ लिहिलंय, आणि मला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही.