आईचा डावा हात

किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा आईने मासळीबाजारात बसणं आधीच सोडलं होतं. पाय इतके सुजायचे की बोट दाबलं तर खड्डा राहायचा. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच झोपायची. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मशीनवर बसले की परत चालायला लागेन ना?"

लागली. सूज उतरली, ती उताणी झोपू लागली, आणि एका सकाळी स्वतःहून म्हणाली, "बोंबील मिळाले का गं कुठे?" कित्येक दिवसांत तिने खाण्याचं नाव काढलं नव्हतं.

पण दुसरे त्रास सुरू झाले. अंगातलं जास्तीचं पाणी मशीनने खेचलं की तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. ती कळवळायची, मी पाय चोळत बसायचे. कधी प्रेशर एकदम खाली जायचं, डोळे फिरायचे, नर्स धावत येऊन तिचे पाय वर करायची. सुकट बंद, नारळपाणी बंद, साधं पाणीसुद्धा मोजून. "आयुष्य खाडीकाठी गेलं आणि आता घोटभर पाण्याला महाग झाले," म्हणायची.

सुया टोचण्यासाठी तिच्या डाव्या हातात ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत भुंगा घुमल्यासारखं लागायचं. त्या हाताने वजन उचलायचं नाही आणि ते घुमणं थांबलं तर ताबडतोब या, असं सांगितलं होतं. मी रोज चहाआधी हात लावून बघायचे.

त्या दुपारी मालाडच्या सेंटरमध्ये डायलिसिस आटोपलं. सुयांच्या जागा दाबून, रक्त थांबल्याची खात्री करून नर्सने आम्हाला सोडलं. आमचं घर खाडीपलीकडे, मनोरीला. मार्वेच्या धक्क्यावर मी रिक्षावाल्याला पैसे देत होते, तेवढ्यात आईने भाजीची पिशवी उचलली. डाव्याच हाताने.

"आई, तो हात नको!"

"दोन पावलांचं काय कौतुक," म्हणत ती बोटीत चढलीसुद्धा.

मनोरीचा धक्का समोर दिसत होता, तेव्हा ती म्हणाली, "माझा पदर कसा गं भिजला?"

मला वाटलं, पाणी उडालं असेल. हात लावला तर बोटं लाल. मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, त्याचा अंमल नंतरही काही वेळ राहतो. पट्टीखालून धार लागली होती. मी रुमाल दाबला, वर ओढणी दाबली. दोन्ही भिजली.

"बांध, घट्ट बांध!" कोणीतरी ओरडलं.

मी सेंटरला फोन लावला. शेजारच्या बाईने तो माझ्या कानाशी धरला. टेक्निशियन म्हणाला, "वर दाबलेलं कापड काढा. रक्त कुठून येतंय ते बघा, तिथेच दोन बोटांनी दाबा. बांधू नका, फिस्टुला बंद पडेल. हात वर धरा आणि तसेच इकडे या."

मी दाबलं. बोट मनोरीला लागली, तेव्हा बोट चालवणारा तांडेल आईला म्हणाला, "तुम्ही उतरू नका, मावशी. लगेच फिरवतो." चढायला थांबलेली माणसं बाजूला झाली. बोट आम्हा दोघींनाच घेऊन परत निघाली.

आई कधी घाबरलेली मी पाहिली नव्हती. आता तिचे ओठ पांढरे पडले होते. "सोडू नको हं," ती पुटपुटली.

रिक्षातही मी बोटं उचलली नाहीत. सेंटरला पोचलो तेव्हा रक्त जवळजवळ थांबलं होतं. पण माझी बोटं बधिर झालेली, आतला भुंगा लागेना. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेकवला. त्यांचा चेहरा वाचत मी उभी होते.

"चालू आहे," ते म्हणाले.

त्यांनी रक्त गोठू न देणारं ते औषध पुढच्या वेळेपासून कमी केलं आणि संध्याकाळपर्यंत आईला समोरच बसवून ठेवलं. तेव्हापासून डायलिसिसच्या दिवशी आम्ही खाडी ओलांडत नाही, मालाडला माझ्या मावशीकडे राहतो. आई कुरकुरते, दुसऱ्याच्या घरात झोप लागत नाही म्हणते.

परवा मावशीकडे भात कालवताना तिने विचारलं, "हे कधी थांबायचं गं?"

"दुसरी किडनी मिळाली की."

"आणि नाहीच मिळाली तर?"

मी तिच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.