बाराव्या दिवशी पुजलेली विहीर

"बसा," मी तिसऱ्यांदा म्हणाले. कमल बसेना. दोन महिन्यांची लेक कडेवर आणि एक हात माझ्या टेबलावर टेकलेला.

"उभीच बरी हाय मी, बाई."

तिच्याकडं आमच्या लेडी डॉक्टरांची चिठ्ठी होती. त्यातल्या इंग्रजीचा अर्थ एवढाच की बाळंतपणानंतर अंग बाहेर येतंय. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय तिच्यावर टेकलेलं असतं. ती सैल पडली की ते खाली सरकतं. बसलं की टोचतं, शिंकलं की कपडे ओले होतात, आणि लाजेपोटी बाई कोणाला सांगत नाही. कमलनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तेवीस वर्षांची होती ती.

चिठ्ठीच्या शेवटी उपाय लिहिला होता. तीन महिने व्यायाम. उतार पडला तर ठीक, नाही तर आत आधाराची रिंग बसवायची आणि पुढं कधीतरी ऑपरेशन.

"आपरेशन म्हंजी पिशवी काढत्यात का?" तिनं विचारलं.

"कधी कधी काढावी लागते."

"मग मला व्यायामच सांगा, बाई. काय बी सांगा, मी करते. एवढ्या लवकर पिशवी जाऊ नये बगा माझी."

लातूरला जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या होत्या आणि नळांना पाणी नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं ते. एका ट्रस्टनं नवा दवाखाना काढला आणि मी नांदेडहून तिथं फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले. हा शब्द कोणाच्या तोंडात बसत नसे. पेशंट मला 'शेकाच्या बाई' म्हणत आणि वॉर्डबॉय 'मालिशवाल्या मॅडम'. मी दोघांनाही दुरुस्त करायची. पंचवीस वर्षांची होते, लोकांना दुरुस्त करायची फार हौस होती.

कमल मला नवी नव्हती. तिची डिलिव्हरी आमच्याच वॉर्डात झाली होती. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नाही. सासूच तिला देवणीकडच्या गावाहून आधी बैलगाडीनं आणि मग एसटीनं घेऊन आली होती. बाळंतिणींच्या वॉर्डात रोज सकाळी माझा राऊंड असे. पडून राहू नका, उठा, चाला, असं मी खाटेखाटेशी जाऊन सांगायची. तेव्हा या सासूनं मला विचारलं होतं, "हिला सव्वा महिना बसवायची नव्हं?"

त्या भागातला रिवाज असा. बाळंतीण सव्वा महिना पाणवठ्यावर जात नाही. मग एक दिवस न्हाऊन, हिरव्या बांगड्या भरून ती विहिरीवर जाते, आसरांना म्हणजे पाण्यातल्या देवींना हळदीकुंकू वाहते आणि पहिली घागर भरून आणते. विहीर पुजली की ती पुन्हा कामाला मोकळी. मला त्यात नुसता विटाळ दिसला.

"मावशी, ते जुनं खूळ सोडा," मी म्हणाले. "हिंडू द्या, फिरू द्या. जितकी लवकर कामाला लागेल, तितकं तिचं अंग लवकर घट्ट होईल."

पुस्तकात तसंच होतं. पुस्तक विलायतेचं होतं. तिथं नळाला पाणी येत असावं.

वॉर्डाच्या सिस्टर हदगावच्या होत्या. मी बाहेर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, आम्ही बौद्ध. आमच्यात विहीर कोणी पुजत नाही. पण सव्वा महिना घागर मला माझ्या मायनं बी शिवू दिली न्हाई."

"सिस्टर, तुम्ही पण?" असं म्हणून मी हसले आणि पुढच्या वॉर्डात गेले.

तर दोन महिन्यांनी कमल अशी माझ्यापुढं उभी होती, आणि मला तो राऊंड आठवलासुद्धा नाही. मी उत्साहानं कामाला लागले. व्यायाम सोपा आहे. लघवी मध्येच थांबवायला आपण जो स्नायू आवळतो तोच आवळायचा, पाच म्हणेपर्यंत धरायचा आणि सोडायचा. असं दिवसातून शंभर वेळा.

"शंभर? येळ कुठला, बाई? पहाटपासनं दिवस बुडस्तवर उभी असते मी."

"पोरीला पाजतेस तेव्हा?"

"तवा कोणी काम सांगत न्हाई."

मग तोच वेळ धरला. एका बाजूला पाजताना दहा, दुसऱ्या बाजूला पाजताना दहा. दुसरा व्यायाम उताणं पडून करायचा. गुडघे दुमडायचे, लेक पोटावर ठेवायची आणि कंबर वर उचलायची. तो सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच. दिवसा सुनेनं उताणं पडणं त्या घरात शक्य नव्हतं, आणि तेवढं मला कळत होतं.

दर पंधरा दिवसांनी ती एसटीनं येई. दुसऱ्या खेपेला खुशीत होती. पदराची गाठ सोडून तिनं ज्वारीचे दाणे दाखवले. दहा वेळा आवळलं की एक दाणा या गाठीतून त्या गाठीत. दिवसाचे दहा दाणे. मी जन्मभर पेशंटना चार्ट दिले, ते पुड्या बांधायला गेले. इतका चोख हिशेब मला कोणी दाखवला नाही.

"अजून एक सुचलंय बगा," ती म्हणाली. "पाण्याच्या लायनीत लई येळ जातोय. तिथं बी करू का? लुगड्यात कोणाला काय कळतंय."

"वा!" मी म्हणाले. पेशंटनं व्यायाम रोजच्या जगण्यात आपणहून बसवला, याहून मोठं यश काय! कौतुकानं मी तसं रजिस्टरमध्ये लिहिलं. वजन उचलायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिनं "हाव" म्हटलं होतं. पण रांगेत उभं राहून झाल्यावर पुढं काय होतं, ते मी विचारलं नाही. दुष्काळ मी पेपरात वाचत होते. माझ्या क्वार्टरला दवाखान्याचा टँकर यायचा.

दीड महिन्यानं लेडी डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बोलावलं.

"काही फरक नाही. उलट जास्तच खाली आलंय. ही व्यायाम करते का?"

मी तरातरा माझ्या खोलीत आले आणि कमलवर ओरडले. "खोटं सांगतेस मला? नुसते दाणे इकडचे तिकडं करतेस?"

तिनं लेकीला टेबलावर ठेवलं, पदराची गाठ सोडून दाणे माझ्यापुढं ओतले आणि एकेक मोजायला लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी ज्वारीवर पडत होतं. तरी मी गप्प बसले नाही. "रडून काय होणार," असंही म्हणाले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात देवणीकडं लसीकरणाची जीप निघाली होती. खरं-खोटं बघूनच येऊ, म्हणून मीही चढले.

गावात पोचलो तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता. टँकरचं पाणी घागरीत मिळतं, अशी माझी समजूत. तिथं टँकर सगळं पाणी आटलेल्या विहिरीत सोडून देई आणि बायका ते दोरानं वर ओढत. काठावर दहा-बारा जणी वाकून उभ्या होत्या. त्यांत कमल होती. पाय फाकवून, दात आवळून ती बादली ओढत होती. निम्मं वाटेतच सांडून चार बादल्यांत एक घागर. मग डोक्यावर दोन आणि कमरेवर एक घेऊन पांदीच्या वाटेनं घराकडं. अशा सात-आठ खेपा.

मी दिवसाकाठी शंभर वेळा ती झोळी वर आवळायला सांगितली होती. आणि ती रोज ढीगभर वजन तिच्यावर आदळत होती. शंभर काय, हजार वेळा आवळूनही काही झालं नसतं.

कमलनं मला पाहिलं आणि ओशाळून दोर दुसरीच्या हातात दिला.

"वजन उचलू नको म्हटलं होतं ना तुला?"

"वजन न्हाई, बाई. पाणीच हाय की."

विहिरीच्या काठाशी शेंदूर लावलेले आसरांचे सात दगड होते. त्यांच्यापुढं वाळकं हळदीकुंकू पडलेलं. तेवढ्यात सासू आली. गुडघे धरत चालणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई. मला बघून तिचा चेहरा फुलला. घरी नेलं, पोतं अंथरलं. त्या टंचाईतही तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. मला ते पिववेना.

"मावशी, ही पाण्यावर कधीपासून जाते?"

"बाराव्या दिसापासनं," ती अभिमानानं म्हणाली. "मी सव्वा महिना बसवणारच व्हते. माज्या सासूनं मला बसवलं व्हतं. हिच्या बाळंतपणात मी एकटीच भरत व्हते समदं पाणी, गुडघं सुजलं तरी. पर तुमीच दवाखान्यात सांगितलं नव्हं का, की जुनं खूळ सोडा, कामाला लागली की अंग घट्ट व्हतंय म्हणून? मंग बारशाच्याच दिशी विहीर पुजून घेतली. गावातल्या बाया नावं ठेवत व्हत्या. मी म्हणलं, शिकल्याल्या मान्साचं ऐकावं मान्सानं."

मला तो राऊंड तेव्हा आठवला. सिस्टरांचं बोलणंही. त्या रिवाजात विटाळ असेलही, पण सव्वा महिना त्या पोरीच्या डोक्यावर घागर येऊ न देणारं गावात तेवढं एकच होतं. ते मी दोन वाक्यांत काढून घेतलं होतं.

मी सासूला सगळं उघड सांगितलं, कमलचं दुखणंही. चूक माझी, तेही सांगितलं. सासू सुनेकडं वळली.

"मला का बोलली न्हाईस गं?"

"कसं बोलू, आत्या?"

म्हातारी उठली. "चुकलं तर चुकलं. आज पहिला दिस धरा. आता सव्वा महिना ही उंबऱ्याच्या आतच बसंल."

आणि तिनं खरंच बसवलं. पुढच्या तपासणीला पहिल्यांदाच थोडा फरक दिसला. लेडी डॉक्टरसुद्धा "चांगलं आहे" म्हणाल्या. कमलनं दोन्ही गाठी मला हसून दाखवल्या. त्या दिवशी वाटलं, निस्तरलं.

अठराव्या दिवशी सासू विहिरीच्या काठावर घसरली. मनगट मोडलं. नवरा रोजगार हमीच्या कामावर बाहेरगावी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलनं दोर हातात घेतला. प्लॅस्टर घालायला सासूला घेऊन आली तेव्हा तिनंच मला सांगितलं. मी म्हातारीला धरून बाकावर बसवलं.

पाऊस उशिरा आला. तोवर रिंग बसवून झाली होती. पुढं तीही सोसेना. चार वर्षांनी ऑपरेशनचा दिवस ठरला, पिशवी काढायचा. आदल्या दिवशी कमल मला भेटायला आली. त्या दिवशी मात्र, टोचत असूनही, ती बसली. लेक चार वर्षांची झाली होती. माझ्या टेबलावर चढून उताणी पडली, गुडघे दुमडले आणि कंबर वर उचलून हसायला लागली.

"अजून करतीय बगा," कमल म्हणाली. "पोटावर घेऊन करायचे नव्हं का, तिला खेळच वाटतोय." मग म्हणाली, "बाई, मी एक दिस चुकवला नव्हता."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. माफी मागायची राहूनच गेली.

पुढं नांदेडला बरीच वर्षं नोकरी केली, पोरींना शिकवलं. बाळंतिणीच्या तपासणीचा आमचा फॉर्म मी स्वतः केला होता. पहिल्या पानावर एकच प्रश्न होता, घरात पाणी कोण भरतं? नव्या पोरी हसायच्या, "मॅडम, यात फिजिओथेरपी कुठं आहे?"

मी सांगायची, व्यायाम दुसऱ्या पानावर आहे. पहिलं पान भरल्याशिवाय उलटायचं नाही.