बकुळाबाईंचा पिवळा पडदा

अंबरनाथच्या बुवापाड्यात बकुळाबाईंचं घर शोधायला घर नंबर लागत नाही. जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून केलेलं तोरण ज्या दारावर दिसेल, ते त्यांचं घर. आत गेलं की बसायची खोली दहा बाय बाराची. मधोमध टीपॉय. तो म्हणजे केबल गुंडाळायचं लाकडी रीळ, घासून, रंगवून, वर काच टाकलेलं. खिडकीला पडदा आहे तो एका कापडाचा नाही. पडद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला नमुन्यांची जाडजूड पुस्तकं असतात. नवीन माल आला की जुनी पुस्तकं रद्दीत जातात. उल्हासनगरच्या एका दुकानदाराकडून अशी दोन पुस्तकं मागून आणून बकुळाबाईंनी त्यातले चौकोन उसवले आणि एकमेकांना जोडले. आलेला पाहुणा चहा येईपर्यंत पडद्यात एकसारखे दोन चौकोन शोधत बसतो. अजून कुणाला सापडलेले नाहीत.

बाई मूळच्या पाटणकडच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा यजमान आनंदा एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत हेल्पर होते, पुढे ऑपरेटर झाले. घरखर्चाला हातभार म्हणून बाईंनी जीन्सचे धागे कापायचं काम धरलं. उल्हासनगरच्या कारखान्यातून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे रिक्षाने घरी येत. शिलाईचे लोंबते धागे कात्रीने कापायचे, घड्या घालायच्या, गठ्ठा परत द्यायचा. बावीस वर्षं हेच काम. कारखान्याचे चंदरशेठ स्वभावाने मोकळे. उरलेसुरले तुकडे ते बाईंना असेच देऊन टाकत आणि वर विचारत, "बकुळाताई, इसका क्या बनाओगी?" बाईंचं उत्तर ठरलेलं असे, "अजून त्यानं मला सांगितलं नाही."

ही काही थट्टा नव्हती. वस्तू हातात घेऊन, उलटीसुलटी करून, दोन दिवस डोळ्यासमोर ठेवल्याशिवाय त्या टाकत नसत आणि कापतही नसत. त्यांच्या हातून चूक होत नाही, अशी गल्लीची समजूत होती. खरं तर चूक झाली की त्या ती गुपचूप उसवत.

मुलीचं, तेजलचं लग्न ठरलं आणि ही सगळी कारागिरी प्रथमच परीक्षेला बसली.

तेजल ठाण्याला एका विमा कंपनीत नोकरी करते. नवरामुलगा उन्मेष बदलापूरचा. त्याचे वडील मोठ्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आई कुमुदिनीबाई शाळेत शिक्षिका होत्या. घर बाराव्या मजल्यावर. लग्न बदलापूरच्या हॉलमध्ये, पण हळद ज्याची त्याने आपल्या दारात करायची असं ठरलं. रीतीप्रमाणे आधी नवऱ्या मुलाला हळद लागणार आणि त्याची उष्टी हळद घेऊन तिकडच्या बायका रविवारी सकाळी बुवापाड्यात येणार.

"आई, बारा-पंधरा बायका येणारेत," तेजलने मोबाइल पुढे केला. "हे बघ, असं पाहिजे. मागे पिवळा पडदा, झालर, फुलं. डेकोरेशनवाल्या धर्मेशभैयाला विचारलंय मी. उल्हासनगरला त्यांचं गोडाऊन आहे. सब कुछ वही लायेंगे."

"एवढं तर मी करीन."

"आई, प्लीज. तुझं तोरण, पडदा, सगळं मस्त आहे. पण ते आपल्या घरात. त्या लोकांसमोर जुगाड नको दिसायला. एकदा त्यांच्या नजरेत बसलं ना, की हे टाकाऊपासून करतात, मग ते कायमचं."

बाईंना लागलं. त्या भाजी निवडत राहिल्या. आनंदारावांनीच मध्ये तोड काढली. शनिवारी दुपारी एकपर्यंत आईने करून दाखवायचं. तेजलने बघायचं. नाही आवडलं तर धर्मेशला फोन. धर्मेशही तयार झाला. "एक बजे तक वेट करतो मॅडम. त्याच्यानंतर माल दुसरीकडे देणार."

तेजलने आईला वचन दिलं, "खोटं आवडलं म्हणणार नाही हं मी."

"नकोच म्हणू," बाई म्हणाल्या. आतून मात्र त्यांनी ठरवलं होतं, पोरीच्या हळदीला भाड्याचा पडदा लागू द्यायचा नाही.

कापडाचा प्रश्न नव्हता. जीन्सच्या खिशाला आतून पांढरं सुती कापड लावतात. त्याच्या ताग्यांची उरलेली टोकं चंदरशेठकडून आलेली होती. बाईंनी ती जोडून बारा फूट लांब पाच पट्टे शिवले. जोड दिसू नये म्हणून प्रत्येक शिलाईवर बारीक चुणी घातली. शुक्रवारी हंड्यात पाणी उकळून हळद आणि थोडी तुरटी टाकली आणि पट्टे त्यात बुडवले. रंग असा उतरला की शेजारची नूतन बघतच राहिली.

"मावशी, सोनं गं सोनं! मीच पुन्हा लग्न करते."

"आधी पहिल्याला विचार."

शनिवारी पहाटे पट्टे पुन्हा पाण्यातून काढले. ओलं कापड ताणून टांगलं की इस्त्री लागत नाही, हा बाईंचा नेहमीचा शिरस्ता. दारापुढच्या अंगणात, जिथे तेजलला पाटावर बसवायचं होतं, त्या भिंतीवर त्यांनी खिळ्यांना दोरी बांधून पाचही पट्टे ताणून बसवले, खालून विटा ठेवून घट्ट केले आणि झेंडूची फुलं आणायला स्टेशनकडे गेल्या. लग्नघर म्हणून याच भिंतीला आनंदारावांनी शुक्रवारी संध्याकाळी चुन्याचा दुसरा हात दिला होता. भिंत कशी दुधासारखी दिसत होती. तिच्यापुढे पिवळा रंग उठून दिसेल, एवढाच विचार बाईंनी केला.

साडेदहाला त्या परत आल्या तेव्हा गल्लीतल्या चार बायका भिंतीपुढे उभ्या होत्या.

पिवळ्या पडद्यावर लालभडक डाग पडले होते. एक-दोन नव्हे, जिथे जिथे कापड भिंतीला टेकलं होतं तिथे तिथे. काही वाटीएवढे, काही ताटाएवढे, काही ओघळ आल्यासारखे खाली उतरलेले.

"कुणी पान खाऊन थुंकलं की काय गं मेल्यानं?" एक म्हातारी म्हणाली.

"एवढं थुंकायला अख्खी वरात लागेल, आजी," नूतन म्हणाली, आणि बाईंचा चेहरा बघून तिने जीभ चावली.

बकुळाबाई फुलांची पिशवी घेऊन तशाच पायरीवर बसल्या. पुन्हा धुवायचं, पुन्हा रंगवायचं, वाळवायचं, तर चार वाजणार. एक वाजता पोरगी येणार. ती हसणार नाही, रागावणारही नाही. नुसता धर्मेशला फोन लावेल. तेच बाईंना सोसणार नव्हतं.

तेवढ्यात आनंदाराव स्कूटरवरून केळीचे खांब घेऊन आले. खांब भिंतीला टेकवले, पडद्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले.

"हसताय काय अहो!" बाई कडाडल्या. "दोन दिवस राबले मी!"

"अगं, तू आमची लॅब उघडलीस दारात!" त्यांनी खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली. करंगळीला कणभर चुना लावला आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक रेघ ओढली. पिवळ्यावर लाल रेघ उमटली. "खार लागला की हळद लाल होते. कंपनीत टाकीत खार किती, आंबट किती हे बघायचा कागद असतो ना, तीच गंमत. आम्ही लागलो तेव्हाचा एक म्हातारा फिटर हळदीचा कागद करून खिशात ठेवायचा. भिंतीला ताजा चुना, कापड ओलं. लाल होणार नाही तर काय?"

"मग आता?"

"आत एखादं लिंबू आहे?"

लिंबू आलं. आनंदारावांनी अर्धं कापून लाल रेघेवर फिरवलं. रेघ गेली. पुन्हा पिवळं.

बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. नूतन म्हणाली, "मग पुसून टाकू सगळं! दहा-वीस लिंबं मी आणते."

बकुळाबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातली डबी घेतली, दुसऱ्या हातात लिंबू घेतलं. एकदा डबीकडे, एकदा लिंबाकडे आणि मग बराच वेळ डागांकडे पाहत राहिल्या. गठ्ठ्यातला तुकडा हातात आल्यावर पाहतात तसंच.

"पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. "नूतन, तुझ्याकडे भेंडी आहे?"

"आता भाजी करणार, मावशी?"

"आण तर."

भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल दिसतं, हे स्वयंपाकघरातल्या कुठल्या बाईला माहीत नाही? बाईंनी आधी पडदा आणि भिंत यांच्यामध्ये जुने कागद सरकवले, मग चुना पाण्यात कालवून पातळ केला आणि चिंधीची गादी त्यात भिजवली. हाताला चुना लागून चिरू नये म्हणून सगळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्यांचे मोजे करून दिले. भेंडीचं टोक गादीवर दाबलं आणि पडद्यावर टेकवलं. पिवळ्या कापडावर लाल फूल उठलं.

मग कामाला जोर आला. मोठ्या डागाभोवती फुलांचं कडं केलं की त्याचं कमळ होत होतं. ओघळ आला होता तिथे बाईंनी वेल काढली. वाटीच्या कडेने गोल छापले, पेनाच्या टोपणाने ठिपके दिले. फार पसरलेला डाग लिंबाने कडेकडेने खाऊन त्याचा पोपट केला. पान थुंकल्याचा संशय घेणाऱ्या आजींनी बसल्या बसल्या खालच्या काठाला करवल्यांची रांग छापली आणि शेवटच्या करवलीला दोन डोकी झाली म्हणून त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"जुळ्या आहेत म्हणा," आनंदाराव म्हणाले.

एकला दहा कमी असताना तेजल आली. पार्लरमधून येत होती, केस बांधलेले, हातात मोबाइल. गल्लीच्या तोंडाशीच तिला हसण्याचा गलका ऐकू आला. अंगणात आली आणि थांबली.

"हे काय आहे?"

बकुळाबाईंनी हातातली भेंडी मागे लपवली, मग पुन्हा पुढे आणली.

"चुकलं माझं," त्यांनी सरळ सांगितलं. "ओलं कापड चुन्याच्या भिंतीला लावलं. हळद लाल झाली. डाग पडले. मग त्याचं हे केलं. आता तुला आवडतं का बघ. नाही तर लाव फोन. मला वाईट वाटणार नाही."

शेवटचं वाक्य खोटं होतं आणि ते सगळ्यांना कळलं.

तेजल पडद्याच्या अगदी जवळ गेली. कमळावर बोट ठेवलं. "डाग होता हा?"

"सगळ्यात मोठा."

"आणि हा पोपट?"

"तो पण डागच. लिंबाने कोरलाय तुझ्या आईनं," आनंदाराव म्हणाले.

"लिंबाने? कसं काय? दाखव ना."

तिने लिंबाची फोड घेतली आणि पोपटाच्या शेपटीवर फिरवली. शेपटी नाहीशी झाली. "अरे यार! गयी!" ती ओरडली. "आई, शेपूट गेलं! भेंडी दे, भेंडी दे!" तिने मोबाइल वडिलांच्या हातात कोंबला, पिशवीचा मोजा चढवला आणि भेंडीने शेपटी छापायला लागली. एक फूल वाकडं पडलं, ते लिंबाने पुसलं. दुसरं बरं आलं. मग तिच्या लक्षात आलं की वरचा कोपरा रिकामा आहे. स्टूल आलं. ती स्टुलावर चढली.

फोन वाजला. आनंदाराव म्हणाले, "धर्मेश आहे. एक वाजला."

तेजलचे दोन्ही हात चुन्याने भरलेले. "कानाला लावा, पप्पा."

पलीकडून आवाज आला, "मॅडम, टेम्पो विठ्ठलवाडीला उभा आहे. निकलूँ क्या?"

बकुळाबाई स्टूल धरून उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"नको भैया," तेजल म्हणाली. "माल दुसरीकडे द्या. सॉरी हं. अहो, नाही, दुसऱ्या डेकोरेटरला काम नाही दिलं. आईला दिलं." आणि फोन बंद होण्याआधीच खाली ओरडली, "आई, इथे पण डाग पाड ना एक, मोठं कमळ करू या!"

बाईंनी पदराने डोळे पुसायला हात वर नेला. आनंदारावांनी तो मध्येच धरला. "चुना आहे हाताला, बाई! डोळ्याला नको." मग त्यांनीच आपल्या रुमालाने ते पुसले.

"उद्यापर्यंत टिकेल ना हे?" तेजलने विचारलं.

"उद्यापर्यंत टिकेल. परवाचं सांगत नाही."

"मला उद्याच पाहिजे."

रविवारी सकाळी दहाला बदलापूरहून तीन गाड्या आल्या. बायका उतरल्या, पुढे कुमुदिनीबाई, हातात उष्ट्या हळदीची वाटी. पडद्यासमोर तेजल पाटावर बसली होती, पिवळी साडी नेसून, झेंडूच्या मुंडावळ्या बांधून. कुमुदिनीबाईंनी सुनेकडे पाहायचं सोडून मागच्या पडद्याकडेच पाहिलं.

"हे कुठून करून घेतलं?"

तेजल ताठ बसली. "आईनं केलंय. आणि माझ्या पप्पांच्या चुन्यानं."

"चुन्यानं म्हणजे?"

आता सांगणं भागच होतं. बकुळाबाईंनी सुरुवातीपासून सांगितलं, ओलं कापड, ताजी भिंत, थुंकलेलं पान, काही लपवलं नाही. आणि बोलता बोलता आतून चुन्याची वाटी, भेंडी आणि लिंबू घेऊन आल्या. सोबत पिशव्यांचे मोजे. कुमुदिनीबाई मूळच्या विज्ञानाच्या शिक्षिका. पस्तीस वर्षं मुलांना त्यांनी हेच शिकवलं होतं, परीक्षानळीत. त्यांनी हळदीची वाटी नूतनकडे दिली, शालू खोचला, मोजा चढवला आणि पहिलं फूल छापलं.

"अगं, खरंच की!" त्या लहान मुलीसारख्या वळून सगळ्यांना म्हणाल्या. "या गं, बघा!"

मग त्यांची जाऊ पुढे झाली, मग नणंद, मग दोन भाच्या. "मला पण द्या", "माझं वाकडं आलं", "त्यावर लिंबू मारा", असा एकच कल्ला उडाला. आजी खुर्चीवरून जुळ्या करवल्या दाखवत होत्या. पडद्यापुढे एवढी गर्दी झाली की नवरी दिसेनाशी झाली. हळदीची गाणी म्हणायला आलेल्या बायका गाणं विसरून भेंड्या कापत होत्या.

शेवटी गर्दीच्या मधून तेजलचा आवाज आला.

"अगं, मला कुणी हळद लावणार आहे का?"