कोंडूचं नाव

काशिनाथमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. मामांच्या गावी, आळ्याला, पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मामा एकाहत्तरच्या लढाईतले जवान; पण सैनिकांच्या ऑफिसात कळवायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. तिरंगा नाही, सलामी नाही... जिवंत परतलेल्यांना आपण असेच विसरतो.

त्यांचा पलटणीतला जोडीदार कोंडू, तळेघरचा. त्या लढाईत तो मामांच्या शेजारीच पडला. त्याचा देह गावी आलाच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी तळेघरच्या शाळेसमोर त्याच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं, तेव्हा मी तिथं मास्तर होतो. कोरणाऱ्याला नाव मीच लिहून दिलं. घाईघाईत, कुणाला न विचारता, ‘धोंडू’ असं.

दगड पाहून मामा एवढंच म्हणाले, "मास्तर, त्यो कोंडू व्हता." एरवी ते मला नावानं हाक मारायचे. मी खजील झालो, दुरुस्त करून घेतो म्हणालो. मग माझी बदली झाली. ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, कारागीर मिळत नाही, अशी कारणं मी देत राहिलो. मामा दर वर्षी विचारायचे. पुढे पुढे विचारेनासे झाले, तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं. आज त्याचीच लाज वाटते. ते मात्र दर स्वातंत्र्यदिनाला एसटीनं, गाडी चुकली तर उरलेली वाट पायी तुडवत, तळेघरला जायचे.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी कोंडूच्या बहिणीला, हिराबाईंना, सांगायला तळेघरला गेलो. त्यांनी सत्तरी ओलांडलेली. बातमी ऐकून त्या उठल्या. मग काठी घेऊन मला दगडापाशी घेऊन गेल्या. पदरानं धूळ पुसली, कोरलेल्या अक्षरांवरून बोटं फिरवली.

"दर साली काशिनाथभाऊ मला हे वाचून दाखवायचे," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई. आता तुमी वाचा."

म्हणजे मामांनी त्यांना ती चूक कधी कळूच दिली नव्हती. ती कुणी केली, हेही नाही...

जन्मभर पोरांकडून अक्षर न् अक्षर नीट वाचून घेणारा मी, ‘धोंडू’वर नजर ठेवून मोठ्यानं म्हणालो, "कोंडू."

हिराबाईंनी हात जोडले.