चाळीस अडकलेल्या खाटा

सूत्रधार हे नाव त्याला ऑफिसातल्यांनी चेष्टेनं ठेवलं होतं. त्यानं ते पदवीसारखं मिरवलं, यावरून माणसाचा अंदाज यावा. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यात त्याची अठरा वर्षं गेली होती आणि एवढ्या काळात त्याला आपल्याहून शहाणा माणूस भेटला नव्हता. कोणाचं बोलणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं, तर भेटणार कसा?

त्याची ताजी करामत म्हणजे ऑपरेशनच्या तारखा ठरवणारी सिस्टीम. थिएटर, खाट आणि सर्जन, प्रत्येकाची कॉम्प्युटरमध्ये स्वतंत्र वही. जे घडेल त्याची ओळ लिहायची, खोडायचं काहीच नाही, आणि एका वहीनं दुसरीत डोकावायचं नाही. मग मेळ कोण घालणार? त्यासाठी त्यानं एक मध्यस्थ प्रोग्रॅम लिहिला. थिएटर मिळालं की हा खाट धरणार, मग सर्जनला विचारणार. ‘हो’ आलं की तारीख पक्की. ‘नाही’ आलं की आधी खाट सोडायची, मग थिएटर.

पूर्वी हेच काम नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई फोनवरून करायच्या. माहिती घ्यायला तो त्यांच्याकडे एकदा गेला होता. अकरा मिनिटं.

“आणि डॉक्टर गप्पच बसले तर?” बाईंनी विचारलं होतं.

“बाई, सिस्टीममध्ये गप्प बसणं नसतं. हो, नाहीतर नाही.”

“असं होय,” म्हणून बाईंनी वाजणारा फोन उचलला.

सिस्टीम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात चाळीस खाटा चादरी ताणून रिकाम्या पडल्या होत्या आणि रुग्ण बाकांवर बसले होते. ‘नाही’ दाबलं की वरून विचारणा होते, म्हणून सर्जन काहीच दाबत नव्हते. प्रोग्रॅम बिचारा खाट धरून वाट पाहत राहिला. त्याला कंटाळायला कोणी शिकवलंच नव्हतं.

“दोन दिवसांची मुदत घाल ना,” शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. “तेवढ्यात उत्तर नाही आलं की नकार समजायचं.”

“उत्तर न देणं ही वापरणाऱ्यांची चूक. त्यासाठी मी रचना बिघडवायची?”

त्या चाळिसातली एक खाट त्याच्या थोरल्या बहिणीसाठी धरलेली होती. पित्ताशय सुजलेलं, आठवड्याच्या आत काढा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यातले पाच दिवस गेले होते.

“तुझ्याच कॉम्प्युटरनं अडवलंय ना रे मला?” तो रुग्णालयात भेटायला आला तेव्हा ताईनं बाकावरून विचारलं.

“अडवलं नाही ताई. प्रतीक्षेत ठेवलंय.”

“फरक काय?”

“खूप आहे.”

“मग तो माझ्या पोटाला समजावून सांग.”

तेव्हा कुठे सूत्रधार जिना चढला. ताईच्या सर्जनच्या दाराबाहेर तो अर्धा तास ताटकळला आणि दार उघडल्यावर जेमतेम एक वाक्य बोलला. सर्जन चालता चालता म्हणाले, “बघू.”

तो खाली नोंदणीच्या खिडकीशी आला. “ते ‘बघू’ म्हणाले.” एवढं गोंधळलेलं त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे नाही,” बाई मान वर न करता म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या सर्जनला फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या, एकदा हसल्या. “उद्या सकाळी नऊ. पण खाट आणि थिएटर तुमच्या सिस्टीमनं पकडून ठेवलंय. सोडवा आता.”

कुठल्याही सर्जनच्या वतीनं नकार नोंदवण्याचा अधिकार त्यानं फक्त स्वतःकडे ठेवला होता. बाईंच्या खुर्चीत बसून त्यानं ‘नाही’ दाबलं. स्क्रीननं कारण विचारलं. सहा फुटांवर बहीण पोट धरून वाकली होती आणि हा गृहस्थ पुरतं एक मिनिट शब्द निवडत बसला. ‘मुदत ठेवायची राहिली’ असं लिहिता आलं असतं. त्यानं लिहिलं, ‘सर्जनकडून प्रतिसाद नाही’.

खाट सुटली, थिएटर सुटलं. बाईंनी तिथल्या तिथे ताईचं नाव नव्यानं लावलं. तो शर्ट नीट करत उठला.

“बसा,” बाई म्हणाल्या. “अजून एकोणचाळीस आहेत.”

“ते मी ऑफिसातून व्यवस्थित...”

“ऑफिसातून तीन आठवडे झाले.”

बाकांवरची माणसं त्याच्याकडे बघू लागली होती. तो बसला. बाईंनी फोन जवळ ओढला आणि रांगेतल्या पहिल्या आजोबांना खिडकीशी बोलावलं.