खुणेचा सेल

माईआत्या नवा सेल हातात आला की आधी खिडकीच्या उजेडात निरखून बघत, मग पिनेने त्यावर एक बारीक रेघ ओढत. सेल उतरला की त्याच रेघेची फुली करत. "कुणी बदलला तर कळायला हवं," म्हणत.

त्या माझ्या यजमानांच्या आत्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून रत्नागिरीला आमच्याकडेच असत. गळ्यात काडेपेटीएवढं जुनं परदेशी श्रवणयंत्र. त्याचा पाऱ्याचा चपटा सेल तेव्हा, ऐंशीच्या सुमारास, रत्नागिरीत मिळत नसे. त्यांचे धाकटे भाऊ, दादरचे अप्पा, दर महिन्याला एसटीने पार्सल पाठवत.

सेल उतरू लागला की आमचे आवाज बारीक होत, आणि माईआत्यांना वाटे, आम्ही कुजबुजतोय. "काय गो, माझ्याबद्दलच ना?" मी मोठ्याने नाही म्हटलं की विचारत, "मग ओरडतेस कशाला?"

एका सकाळी अप्पा गेल्याची तार आली. माईआत्यांना नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला होता. यजमान म्हणाले, तेराव्यानंतर सांगू. पण भेटायला येणारी माणसं बोलणारच. माईआत्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी यंत्रातला सेल काढून घेतला आणि त्यांच्या डबीतला एक उतरलेला आत घातला. पार्सल यायचंय, असं कागदावर लिहून दाखवलं.

चार दिवस त्या ओटीवर बसून आमची तोंडं बघत राहिल्या. रोजची देवपूजा मात्र चुकवली नाही. पाचव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि यंत्रातला सेल माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर फुली होती.

"अप्पा गेला ना गो?"

मी हो म्हणून मान हलवली.

"त्याचं पार्सल कधी उशिरा आलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "चार दिवस मी सुतकात देवांना हात लावला. रडायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवलंत."

मी लपवलेला सेल आणून दिला. तो त्यांनी स्वतः बसवला, यजमानांना समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ऐकता ऐकता रडल्या. छातीला काही झालं नाही.

त्यानंतर त्या सहा वर्षं जगल्या. माझ्याशी बोलत, माझ्या हातचं जेवत, पण यंत्र कधी माझ्या हाती दिलं नाही. शेवटच्या आजारात बोटं थरथरू लागली, तेव्हा सेल बदलायला त्यांनी नर्सला बोलावलं. मी पलंगाशीच उभी होते. त्यांचे कितीतरी संशय खोटे निघाले होते, पण कुणी सेल बदलेल, हा एक मीच खरा केला होता.