सहा पंचविसाला पाण्यात काय झालं

अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीत, मी पूर्व किनाऱ्यावर डायव्हिंगच्या कोर्सला होतो. रँक नायक, लष्कराचे इंजिनिअर्स. मी हैदराबादचा, बरकतपुऱ्यात वाढलेला. घरात मराठी, गल्लीत दखनी आणि तेलुगू. पोहायला शिकलो ते उदगीरकडे, आमच्या शेतातल्या विहिरीत. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वर्दी अंगावर चढल्यानंतर.

आपल्याकडच्या समुद्राला हिवाळा नसतो असं लोकांना वाटतं. बर्फ नसतो, एवढंच. पहाटे जमिनीकडून वारा सुटतो आणि पाणी अंगातली ऊब हळूहळू काढून घेतं. तासाभराने बोटं धड मिटत नाहीत. दीड तासाने माणूस साध्या प्रश्नाचं उत्तर चुकतो.

साडेचारला उठायचं. सव्वापाचला फॉल-इन, रांगेत हजेरी. सहाला पाण्यात, जोडीजोडीने. माझा जोडीदार लान्स नायक सत्यम. कोळ्याचा मुलगा, त्याच किनाऱ्यावरच्या दक्षिणेकडच्या एका गावचा. मला अन्ना म्हणायचा. मला वेळ दिसायची, त्याला समुद्र दिसायचा. त्या दिवसांत कासवं किनाऱ्याजवळ यायची. श्वासाला डोकं वर काढलं की सत्यम पोहणं थांबवायचा. "अन्ना, देखो, देखो." मी ओरडायचो. जेलीफिश कोणता नुसता बुळबुळीत आणि कोणता भाजणारा, ते मला त्यानेच शिकवलं. समुद्रसापाबद्दलही त्यानेच सांगितलं. शेपूट वल्ह्यासारखी चपटी. जाळ्यात अडकून येतो. चावला तर दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. त्याचा एक चुलता तसाच गेला होता.

नियम साधा होता. काही चावलं, कापलं, पेटका आला, तर हात वर करायचा. सेफ्टी बोट येऊन उचलते. जोडी बाद होते आणि दोघांनाही कोर्स पुन्हा करावा लागतो.

शेवटची परीक्षा चार किलोमीटरची होती. पहिल्या आलेल्या जोडीतल्या सीनियरची इन्स्ट्रक्टर म्हणून निवड होणार, असं आदल्या दिवशी कोर्सच्या सुभेदार साहेबांनी सांगितलं. सीनियर मी होतो. दोन्ही सरावांत आम्हीच पहिले आलो होतो.

सहा वाजता निघालो. सहा पंचविसाला सत्यम थांबला. मी घड्याळ बघितलं म्हणून वेळ पक्की माहीत आहे. आमच्या मागे सत्तर-ऐंशी मीटरवर दुसरी जोडी होती.

"काय झालं?"

"पैर को कुछ लगा." त्याने डोकं पाण्यात घालून खाली पाहिलं. वर आला तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "पामु, अन्ना."

पामु म्हणजे साप. हैदराबादच्या माणसाला एवढं तेलुगू कळतं. मला कळलं.

"दुखतंय?"

"नाही."

"मग जेलीफिश असेल. चल."

तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात बोट जवळ आली. भोंग्यातून आवाज आला, "पेअर फोर, ओके?"

ओके असेल तर मूठ डोक्यावर ठेवायची. मी ठेवली. सत्यमने माझ्याकडे पाहिलं आणि त्यानेही ठेवली. मी सीनियर होतो. बोटीतल्या हवालदाराने रेडिओवर किनाऱ्याला कळवलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "पेअर फोर ओके. ओव्हर."

सात वीसला आम्ही किनाऱ्याला लागलो. पहिले. सत्यमला उभं राहता आलं नाही. मांड्या आखडल्या, मान वळेना. सुभेदार साहेब धावत आले. सत्यमने बोलायला तोंड उघडलं, पण जबडा बोटभरच उघडला. शब्द फुटला नाही.

"क्या हुआ इसको?"

साप म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कधी? आणि त्याच्या पुढचा, हात का नाही वर केला? मी म्हणालो, "जेलीफिश लगा साब. अभी, आखिर में."

त्याला खांद्यावर टाकून मी एमआय रूमपर्यंत, छावणीच्या दवाखान्यापर्यंत पळालो. सहाशे मीटर. तिथे त्याच्या पायावर व्हिनेगर ओतलं, कांबळी पांघरली, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. थंडी आणि जेलीफिश, एवढंच डॉक्टरांना माहीत होतं. हे डॉक्टर, कॅप्टन साहेब, तरुण होते, पण हुशार. घोट्याजवळ दोन बारीक ठिपके त्यांनी पाहिले. मला विचारलं, "काही दिसलं होतं का? नक्की जेलीफिशच?"

"हो, साहेब."

सत्यम शुद्धीवर होता. सगळं ऐकत होता. त्याला मान हलवता येत नव्हती. डोळे माझ्यावर होते.

साडेआठला लघवी झाली ती काळपट. कॅप्टन साहेब एकदम उठले. "हा साप आहे, विष स्नायूंत गेलंय. गाडी लावा!" श्वासाचं मशीन शहरातल्या हॉस्पिटलमध्ये होतं, सव्वा तासावर. मी गाडीत बसलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याचा श्वास उथळ झाला. कॅप्टन साहेब हाताने मास्कची पिशवी दाबून हवा देत राहिले. नऊ चाळीसला हृदय थांबलं. हॉस्पिटल अजून वीस मिनिटं दूर होतं.

नंतर कॅप्टन साहेब हॉस्पिटलच्या पायरीवर बसून म्हणाले, "एक तास आधी निघालो असतो तर मशीन मिळालं असतं. चूक माझी झाली."

मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

चौकशीतही मी तेच सांगितलं, अगदी शेवटी काहीतरी लागलं, आम्हाला जेलीफिश वाटला. सहकाऱ्याला खांद्यावर घेऊन धावलो म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं. मी इन्स्ट्रक्टर झालो. सात वर्षं मी पोरांना शिकवत होतो की काही चावलं तर हात वर करा.

रिटायर होऊन हैदराबादला आलो. हिमायतनगरच्या एका तलावावर पोहणं शिकवतो. आयटीतली मंडळी येतात. दर हिवाळ्यात त्यातले दहा-बारा जण समुद्रात पोहायला किनाऱ्यावर जातात आणि मला बरोबर नेतात. यंदा पुण्याची ऋचा पहिल्यांदाच आली होती. अर्ध्या वाटेवर तिने हात वर केला. पायाला काहीतरी लागलं म्हणाली. बोट गेली, सगळ्यांना थांबावं लागलं. निघाला जाळ्याचा तुटका दोर. कोणीतरी हसलं. किनाऱ्यावर ती रडवेली होऊन सगळ्यांना सॉरी म्हणत फिरत होती. माझ्याजवळ आली.

"काका, सॉरी. माझ्यामुळे सगळ्यांचा स्विम गेला."

मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "सॉरी म्हणू नकोस." टॉवेल घेऊन गाडीमागे जाऊन बसलो.

सत्यमची आई तो गेल्यापासून हैदराबादेतच, गौलीगुड्यात मुलीकडे राहते. दर संक्रांतीला मी तिथे जातो, ती मला जेवू घालते. शेवटपर्यंत तिच्या मुलाबरोबर होता तो हा माणूस, अशी शेजाऱ्यांना माझी ओळख करून देते. यंदा गेलो तेव्हा तिने ताट मांडलं होतं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. पामु, मूठ, जेलीफिश, साडेआठ.

मुलगी रडायला लागली. आई रडली नाही. तेलुगूतच तिने विचारलं, "म्हणजे त्याला कळलं होतं?"

"हो, अम्मा."

"आणि तरी पोहला?"

"मी चल म्हणालो म्हणून."

तिने ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "अकरा वर्षं इथे जेवलास." ताट उचलून आत घेऊन गेली. मी थोडा वेळ थांबलो. ती बाहेर आली नाही. मुलीने दार उघडलं.

कॅप्टन साहेबांनी नोकरी सोडली आहे, असं ऐकलं होतं. त्यांचा पत्ता शोधून पत्र पाठवलं. युनिटलाही लिहिलं, प्रशस्तिपत्र सोबत परत पाठवलं. अजून कोणाचं उत्तर नाही. यावं अशी माझी मागणीही नाही.

गेल्या आठवड्यात तलावावर सगळ्यांना बसवून हेच सांगितलं. ऋचा पहिल्या रांगेत होती. दोघे जण पुढच्या दिवसापासून यायचे बंद झाले. ते मला मान्य आहे.

लान्स नायक सत्यम. वय सव्वीस. आमच्या कोर्समध्ये त्याच्याइतका समुद्र कोणालाच कळत नव्हता. त्या सकाळी त्याने वेळेवर, बरोबर आणि एकाच शब्दात रिपोर्ट दिला होता. तो मी पुढे पोहोचवला नाही.